पिवळ्या ठिपक्याची ताटली

४ नोव्हेंबर

ताई,

पुढे 'नमस्कार' लिहिलं होतं, मग खोडलं. दोन वर्षं जिनं माझा फोन उचललेला नाही तिला नमस्कार कोणत्या तोंडाने करायचा? म्हणून नुसतंच ताई. मेसेज तू उघडत नाहीस. आईच्या फोनवरून बोलायला गेले तर माझा आवाज ऐकताच ठेवून देतेस. पाकिटाचं मात्र बरं असतं. फाडून टाकायचं झालं तरी आधी हातात धरावं लागतं. तेवढ्या आशेवर लिहितेय.

आईने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही हे काय आपल्याला आज कळतंय? फोनवर इतकं हळू बोलत होती, जणू तू तिच्या पलंगाखाली बसून ऐकतेयस. "चौथा महिना संपत आलाय," म्हणाली, "आणि तपासणीत तेच निघालंय." मी विचारलं, तेच म्हणजे काय? तर म्हणे, "मुटकूचं होतं ते."

मी दुकानाच्या रांगेत उभी होते. हातातली टोपली खाली ठेवली आणि काही न घेता बाहेर आले.

'ते' काय आहे हे मला तुझ्या डॉक्टरांइतकंच माहीत आहे. एका जनुकातलं एक अक्षर बदललंय. तुझ्या अंगात ते एकेरी आहे, भावजींच्याही आहे, आणि तुम्ही दोघं ठणठणीत आहात. मुटकूच्या वाट्याला दोघांकडूनही तेच आलं. त्याचं डोकं लहान राहिलं, त्याला झटके यायचे, आणि दुसरा वाढदिवस झाल्यावर थोड्याच दिवसांत तो गेला. पण हे सगळं त्या अक्षरामुळे झालं का, हे कुणी सांगू शकलं नाही. अहवालात लिहिलं होतं, 'अर्थ निश्चित नाही'. अक्षर चोर असेल, किंवा चोरीच्या वेळी तिथून चाललेला वाटसरू असेल. आता या बाळातही दोन्हीकडून तेच आलंय, आणि डॉक्टर म्हणतात, ठेवायचं की नाही ते ठरवायचं तुम्ही, या महिन्यात.

मुटकू जाणार हे कळलं त्या दुपारी मी दवाखान्याच्या खोलीत येऊन तुझ्याकडे त्याच्या कातडीचा तुकडा मागितला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. "माझं पोर जातंय आणि तू कात्री घेऊन आलीस," तू म्हणालीस. सही केलीस आणि माझ्याशी बोलणं सोडलंस.

त्या तुकड्यावर आमच्या इमारतीत काम चालू आहे. त्या अक्षराचाच छडा लावायचा आहे. मी त्यात नाही, दुसरे लोक करतात, पण कानावर येत असतं. घरच्यांना सांगायची परवानगी नाही. आमची प्रयोगशाळा आहे, दवाखाना नव्हे. तरीही मला काही कळलं तर तुला सांगू का? तू नको म्हणालीस तर गप्प बसेन. काहीच म्हणाली नाहीस तर काय करेन, मला ठाऊक नाही.

मला फार भीती वाटते, ताई.

तुझी भोचकभवानी
(नाव तूच ठेवलं होतंस, अजून तेच चालवतेय.)


१२ नोव्हेंबर

ताई,

आई म्हणाली, पत्र वाचलंस आणि इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलंस. ते ऐकून मला इतका धीर आला की आता खरं सांगते. मागच्या पत्रात मी एक थाप मारली. दुसरे लोक वगैरे कुणी नाहीत. मीच आहे. मुटकूच्या पेशींना वर्षभरापासून मी खाऊ घालतेय, एक दिवसाआड, सुटीच्या दिवशीसुद्धा.

कशा असतात ते सांगते, नाहीतर तू मनाने काहीतरी भयंकर रंगवशील. कातडीच्या पेशींना उलट्या पावली मागे नेतात, इतक्या मागे की आपण कातडी होतो हेच त्या विसरतात. मग त्यांना मूळपेशी म्हणायचं. तिथून त्यांना काहीही होता येतं. आम्ही त्यांना मेंदूच्या वाटेला लावतो. त्या एकमेकींना चिकटतात आणि मिरीच्या दाण्याएवढा पांढुरका गोळा होतो. गुलाबी पाण्यात, उबदार कपाटात, हलत्या फळीवर असे गोळे गोल गोल फिरत असतात. तो मेंदू नव्हे. मेंदू घडायला लागताना काय होतं त्याची कच्ची नक्कल, तीही अर्धवट. त्याला काही कळत नाही, तो कुणाला ओळखत नाही. आमच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्या नव्या माणसाकडून पहिल्या दिवशी हे वदवून घेतात. मीही म्हटलं होतं. तरी झाकण मी आवाज न करता उघडते.

तो माझा भाचा आहे हे मोठ्या बाईंना माहीत नाही. नमुन्यावर नाव नसतं, आकडा असतो. कळलं तर मला हात लावू देणार नाहीत, म्हणून मी बोलले नाही.

ताटल्या तीन तऱ्हेच्या आहेत. निळा ठिपका असलेल्या एका धडधाकट परक्या माणसाच्या पेशींच्या. हिरवा आणि पिवळा ठिपका असलेल्या दोन्ही मुटकूच्या. यातल्या एका रंगात त्याचं ते अक्षर दुरुस्त केलंय, दुसऱ्यात जसंच्या तसं ठेवलंय. दुरुस्त केलेले गोळे नीट वाढले तर चोर सापडला. दुरुस्त करूनही खुरटलेलेच राहिले तर अक्षर निर्दोष. कोणता रंग कशाचा, ते फक्त आमच्या कुलूपला माहीत. हा आमचा सहकारी. त्याच्या तोंडून काही बाहेर पडत नाही म्हणून हे नाव. स्वतःच्या लग्नाला त्याने आम्हाला आदल्या दिवशी बोलावलं होतं. रंग मुद्दाम लपवतात, कारण माहीत असलं की हात पक्षपात करतो.

मला मात्र माहीत आहे, पिवळा म्हणजे जसाच्या तसा मुटकू. हसू नकोस. पहिल्या खेपेला पिवळ्या ताटलीतला एक गोळा कडेला जाऊन बसला होता, अंग आत ओढून, मुटकू झोपायचा तसा मुटकुळं करून. एवढं शिकून मी हे असलं काही मानते, हे मी इथे कुणाला सांगितलं तर माझी धिंड काढतील. पण त्या दिवसापासून पिवळी ताटली मी शेवटी उघडते आणि तिच्यापाशी जास्त वेळ बसते.

आठवड्याला एकदा निवड असते. तांदळातले खडे काढतात तसे वेडेवाकडे आणि खुरटलेले गोळे रुंद तोंडाच्या नळीने उचलायचे आणि बाजूच्या भांड्यात सोडायचे. काम संपेपर्यंत ते भांडं टेबलावर गार पडतं, मग त्यात औषध ओतून सगळं फेकतात. यात क्रूरपणा नाही, सगळीकडे असंच करतात. लावलेले सगळेच कुठे धड होतात. उरलेले मोजायचे.

गेल्या आठवड्यात मी मोजले. निळे टपोरे आहेत. हिरवे जवळजवळ तेवढेच. पिवळे लहान. यंत्र लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

याचा अर्थ तुला कळला असेल. ते अक्षरच चोर आहे, ताई. तू काय करावंस हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण तुझ्या जागी मी असते तर मला हे माहीत असावंसं वाटलं असतं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. गोळे मोठे झाले की त्यांच्यातून बारीक विजेच्या लहरी निघतात. कुलूपला त्या स्पीकरवर ऐकायची हौस आहे. तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. परवा त्याने एक गोळा लावला. तडतड चालू होती, मग ती एकदम थांबली. पूर्ण शांत. मुटकू झटक्याआधी असाच गप्प व्हायचा ना? मान एका बाजूला करून? मग सगळा गोळा एकदम कडाडला. मी स्पीकरची वायर उपटली. कुलूप माझ्याकडे बघतच राहिला. तो हिरव्यातला गोळा होता, म्हणून मी स्वतःला समजावलं की हा तो नव्हे.

हे पत्र कुणाला दाखवू नकोस.

तुझी
भो. भ.


२० नोव्हेंबर

ताई,

अठ्ठावीसची तारीख घेतलीस असं आई म्हणाली. माझं पत्र पोचलं त्याच दिवशी. आई म्हणाली, "पत्र वाचलं, भांडी घासली आणि दवाखान्यात फोन लावला." माझी पाचावर धारण बसली आहे. असं व्हावं म्हणूनच मी लिहिलं होतं ना? की तू विचार करशील, मला फोन करशील, दोन शिव्या देशील, असं वाटलं होतं? मला सांगता येत नाही. तू कधीच कुणाला विचारून काही केलं नाहीस, हे मी विसरले.

आज निवड होती. मी हिरवं आटपून पिवळ्याशी बसले होते. कुलूप पलीकडच्या टेबलावरून उठून हात धुवायला चालला होता. जाता जाता माझ्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "काय हो, हिरव्यातले निम्मे उडवलेत आणि पिवळ्यातला एकही नाही? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं असं चाललंय की तुमचं."

तो हसला. मीही हसले. तो गेल्यावर मी दोन्ही ताटल्या शेजारी ठेवल्या. हिरव्यात मोजकेच गोळे ऐसपैस फिरत होते. पिवळी गच्च भरलेली होती.

काही नसेल. उगाच मनाचे खेळ असतील. पण तारीख पुढे ढकलता आली तर ढकल. का, ते आत्ता विचारू नकोस. मलाच अजून नीट विचारता आलेलं नाही.


२७ नोव्हेंबर, संध्याकाळी, तुझ्या जिन्यात

ताई,

मी तुझ्या दाराबाहेर पायरीवर बसले आहे. दोनदा घंटा वाजवली. दाराच्या भिंगातला उजेड एकदा गेला आणि परत आला, म्हणजे कुणीतरी पाहिलंय. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ पिशव्या घेऊन चढताना थांबले आणि म्हणाले, "किल्ली विसरलात का?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आईला फोन केला होता. ती रडायला लागली. "मी आता मधे पडणार नाही," म्हणाली. "तुझ्या एका कागदानं तिला तिथं नेलंय. दुसरा कागदही तूच घेऊन जा." म्हणून हा कागद. दाराखालून सरकवते. उद्या सकाळी निघायच्या आत वाच, एवढंच मागणं आहे.

मागच्या पत्रानंतर चार दिवस मी कुणाशीच बोलले नाही. मला कळलं होतं, पण कळू द्यायचं नव्हतं. ताई, वर्षभर मी पिवळ्यातला एकही गोळा टाकला नव्हता. खुरटलेला असो, फुटका असो, नळी त्याच्यावर नेली की माझा हात थांबायचा. मुटकूला मी दुसऱ्यांदा कशी टाकणार? हिरव्यातले मात्र मी नियमाने उडवत होते, कदाचित नियमाहून जास्तच. मग हिरव्यात फक्त मोठे उरणार आणि पिवळे मोजले की लहानच भरणार. त्यात पिवळ्या ताटलीत एवढी गर्दी झाली की त्यांना खाऊही पुरेना, म्हणून ते आणखी खुरटले. तो फरक अक्षराचा नव्हता, माझ्या हाताचा होता. आणि तो मी तुला निकाल म्हणून लिहून पाठवला.

परवा मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

"नमुना कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या भाच्याचा."

"घरी काही बोललात?"

मी नाही म्हटलं. त्या नुसत्या बघत राहिल्या, मग मी हो म्हटलं. ताई पोटुशी आहे हेही सांगितलं, आणि तारीख सांगितली.

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुम्हाला बोलायला माझ्याकडे पुष्कळ वेळ आहे. तुमच्या बहिणीकडे नाही. आधी ते बघू." मग कुलूपला बोलावलं आणि रंग उघडायला सांगितला.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पिवळी दुरुस्त केलेली आहे. हिरवी मूळची."

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, पुन्हा सांग. त्याने पुन्हा सांगितलं.

हिरवा मुटकू होता, ताई. जसा होता तसा, तो हिरवा होता. स्पीकरवर कडाडला तोही तोच. मी ज्याला जपलं ते दुरुस्त केलेलं होतं, आणि ज्याला आठवड्याच्या आठवड्याला उचलून गार भांड्यात सोडत होते तो तो होता. खुर्ची ओढून कुलूपने मला बसवलं आणि पाणी आणून दिलं. तो वाईट माणूस नाही.

आता तुझ्या कामाचं लिहिते, ते सावकाश वाच.

निवडीआधी यंत्र प्रत्येक ताटलीचे फोटो काढतं. तिथे माझा हात पोचलेला नसतो. काल दिवसभर कुलूपने गर्दी व्हायच्या आधीच्या फोटोंवरून सगळे गोळे मोजले, टाकलेलेसुद्धा. मला त्या खोलीत यायला बंदी होती, मी बाहेर बाकावर बसले होते. निळे मोठे आहेत. हिरवे आणि पिवळे दोन्ही लहान, आणि दोघांत फरक नाही. अक्षर दुरुस्त करूनही गोळे लहानच राहिले. म्हणजे चोर सोडून मी संन्याशाला फाशी देत होते. ते अक्षर बहुतेक निर्दोष आहे.

बहुतेक. या शब्दावर थांब. मोठ्या बाईंनी मला बजावून सांगितलंय की याला निकाल म्हणायचं नाही. मोजणी घाईची आहे, गोळे लहान असतानाची आहे. सगळं पहिल्यापासून, दुसऱ्याच्या हाताने, पुन्हा वाढवावं लागेल आणि त्याला कित्येक महिने जातील. शिवाय अक्षर निर्दोष असेल तर खरा चोर कोण? मुटकूला जे झालं ते कशाने झालं? ते या बाळातही आहे का? माहीत नाही. मला नाही, मोठ्या बाईंना नाही, तुझ्या डॉक्टरांनाही नाही. बाळ अगदी ठीक असेल किंवा नसेलही. 'मला वाटतं' असं लिहायला हात शिवशिवतोय, पण माझ्या वाटण्याने काय होतं ते तू पाहिलंस.

तू उद्या जा किंवा जाऊ नकोस. मी यात काही बोलणार नाही, शप्पथ. फक्त माझ्या बारा तारखेच्या पत्राच्या भरवशावर जाऊ नकोस. ते पत्र खोटं आहे. फाडून टाक.

माझ्याकडून ओळखपत्र घेतलंय. ते योग्यच झालं. उबदार कपाट आता कुलूप सांभाळेल, आणि तो कुणाशी बोलणारही नाही.

भिंगातला उजेड परत गेला. तू आहेस का? पाय सुजले असतील तर दाराशी उभी राहू नकोस, खुर्ची घे. मी इथेच आहे. कागद सरकवते.

भो. भ.


२७ नोव्हेंबर, दाराच्या आतून, त्याच कागदाच्या मागे

भोचकभवानी,

उद्या मी जात नाही. अक्षर निर्दोष आहे म्हणालीस म्हणून नव्हे. माहीत नाही म्हणालीस म्हणून. मुटकू झाल्यापासून मला जो तो काहीतरी ठाम सांगतोय. डॉक्टर, यांची आई, आपली आई, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे तू. सगळे उंटावरचे शहाणे. माहीत नाही, असं मला कुणी लिहून दिलं नव्हतं. मलाही माहीत नाही. मी घाबरले आहे. रोज सकाळी पोटावर हात ठेवून ते हलतंय का बघते, आणि हललं की त्याला झटका आला असं मला वाटतं. ही भीती घेऊनच पुढचे महिने काढायचे आहेत, तर तेही करून बघू.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. दार उघडेन, पण आधी एक सांग. कागदावरच सांग, तोंडाने सांगितलंस तर मला ऐकवणार नाही.

ते जे हिरवे तू भांड्यात टाकायचीस, ते गार पडताना गप्प व्हायचे का, त्याच्यासारखे? की काहीच व्हायचं नाही? तू तिथे होतीस. मला तेवढं कळलं पाहिजे.


२७ नोव्हेंबर, बाहेरून

माहीत नाही, ताई. मी तेव्हा पिवळ्याकडे बघत होते.